राम मारुती रोडमागचा दातांचा दवाखाना: चार स्टार, आणि पाचवा का कापला

खारेगावला आमचं मेडिकलचं दुकान आहे आणि मी फार्मासिस्ट. दातांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या रोज इतक्या येतात की त्या वाचायचीसुद्धा गरज पडत नाही. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह, मेट्रोनिडाझोल, एक दुखण्याची गोळी, एक पित्ताची. चिठ्ठी उलटी धरली तरी औषधं तीच. त्यामुळे या मंडळींबद्दल माझं मत फार चांगलं नव्हतं. ठाण्यात राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या या दवाखान्याने ते बदललं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दात पांढरे करणं, कॅप, तारा वगैरेसाठी इथलं कसं आहे ते शेवटी दोन ओळींत सांगेन. मुख्य गोष्ट वेगळी आहे.

माझे सासरे, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, वय ७१. वागळे इस्टेटमध्ये टर्नर म्हणून आयुष्य गेलं. आजही रोज सकाळी ब्रश-साबण लावून दाढी करतात, वर तुरटी फिरवतात. तंबाखू नाही, सुपारी नाही, गावच्या लग्नातला विडासुद्धा नाही. २०१६ मध्ये त्यांच्या डाव्या किडनीत कॅन्सरची गाठ निघाली आणि किडनी काढावी लागली. पुढची पाच वर्षं स्कॅन झाले, सगळे स्वच्छ. मग घरात त्या आजाराचं नावही निघेनासं झालं.

गेल्या वर्षी पावसाळ्यात त्यांची उजवीकडची खालची दाढ हलायला लागली. कीड नाही, सूज नाही, फक्त हलते आणि रात्री ठणकते. आधी ज्या दवाखान्यात गेलो त्याचं नाव लिहीत नाही. तिथे विचारपूस म्हणजे ‘बीपी? शुगर?’ एवढीच. तोंडात आरसा फिरवला आणि ‘वय झालं काका, पायरिया आहे, गोळ्या घ्या, सोमवारी काढून टाकू’ असा निकाल. ती चिठ्ठी माझ्याच काउंटरवर आली. नेहमीचीच, आणि त्यात दुखण्यावर डायक्लोफेनॅक, किडनीवर ताण आणणारी गोळी, दिवसातून दोनदा. एका किडनीवर जगणाऱ्या माणसाला! मी ते बाजूला ठेवलं, पॅरासिटामॉल दिली आणि नवऱ्याला म्हटलं, सोमवारी तिथे जायचं नाही.

हा दवाखाना आम्हाला एका गिऱ्हाईकबाईंनी सुचवला. डॉक्टर बाई आहेत, चाळिशीच्या, तोंडाच्या आजारांचं निदान या विषयातल्या एमडीएस. दातांत असाही एक वेगळा अभ्यासक्रम असतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. इम्प्लांट बसवणाऱ्यांच्या पाट्या मोठ्या असतात, यांची वहीएवढी.

आत शिरल्यावर हातात एक फिकट हिरवं कार्ड देतात. मराठीत, मोठ्या टायपात, दोन्ही बाजूंनी छापलेलं. मला या दवाखान्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हे कार्ड. पुढच्या बाजूला नेहमीचंच, बीपी, शुगर, हार्ट, ॲलर्जी. मागच्या बाजूला खरी गंमत. कितीही वर्षांपूर्वी शरीरात कुठेही गाठ किंवा कॅन्सर झाला होता का? कोणता अवयव काढला आहे का? हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे का, पूर्वी होतं का? रक्त पातळ करायची गोळी? ओठ, हनुवटी, जीभ यांपैकी काही बधिर वाटतं का? अण्णांनी पुढच्या बाजूला ‘बीपी’ लिहून पेन ठेवून दिलं. काउंटरवरच्या मुलीने कार्ड उलटून परत दिलं. ‘काका, ही बाजू राहिली.’ अण्णा म्हणाले, ‘त्याचा दाताशी काय संबंध? ते कधीच बरं झालंय.’ तिने वाद घातला नाही, पेन पुढे केलं. मग त्यांनी लिहिलं, ‘डावी किडनी काढली, २०१६’. बधिरपणाच्या रकान्यात मात्र फुली मारली, म्हणजे ‘नाही’.

डॉक्टरांनी कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं. तोंड उघडायला सांगायच्या आधी त्या अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. उजव्या ओठाखाली, हनुवटीवर, एक कापल्याची खूण होती, वर तुरटीचा पांढरा थर सुकलेला.

‘काका, हे कधी कापलं?’

‘कुठे?’ अण्णांनी हात भलतीकडेच लावला.

त्यांनी कापसाची वात केली, अण्णांना डोळे मिटायला सांगितले आणि ‘लागलं की हो म्हणा’ म्हणून हनुवटीवरून हळूच फिरवली. डावीकडे लगेच ‘हो’. उजवीकडे वात ओठापासून हनुवटीच्या टोकापर्यंत आली, परत वर गेली, अण्णा गप्प. मग दोन टोकांचं एक अवजार घेतलं आणि विचारलं, एक टोक टेकलंय की दोन? डावीकडे बरोबर. उजवीकडे अण्णा म्हणाले, ‘तुम्ही सुरू केलंत का?’ मी शेजारीच उभी होते. माझ्या पोटात खड्डा पडला, कारण तोवर दोन टोकं टेकून बराच वेळ झाला होता.

आता हे बधिरपण एवढं महत्त्वाचं का, ते डॉक्टरांनी मला एका कागदावर खालचा जबडा काढून समजावलं. जबड्याच्या हाडात एक बोगदा असतो, त्यातून एक मज्जातंतू जातो. तो उपदाढांच्या खाली एका भोकातून बाहेर येतो आणि खालचा ओठ व हनुवटी यांची संवेदना सांभाळतो. अक्कलदाढ काढताना तो दुखावला जाऊ शकतो, इम्प्लांट खोल गेलं तर, रूट कॅनलचं औषध मुळाबाहेर गेलं तर, जबड्याला मार लागला किंवा हाडात पू झाला तर. अण्णांच्या तोंडात यातलं काहीच घडलेलं नव्हतं. त्यांचे शब्द मला पाठ आहेत, ‘कारण सापडत नसलेली बधिर हनुवटी मी घरी पाठवत नाही.’

ओपीजी म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे दवाखान्यातच निघतो, ६०० रुपये. (बाहेरही साधारण तेवढेच पडतात, शिवाय दुसऱ्या गल्लीत जायचा त्रास.) पडद्यावर त्यांनी आधी चांगली बाजू दाखवली. डावीकडे त्या बोगद्याच्या दोन पांढऱ्या रेषा रुळांसारख्या सरळ जाताना मलाही कळल्या. उजवीकडे त्या दाढांच्या खाली येऊन चक्क नाहीशा होत होत्या. तिथलं हाड काळपट, आणि काळ्या भागाला नीट कड नाही. दाताच्या मुळाशी पू झाला की काळा डाग किडलेल्या दाताच्या टोकाला चिकटून असतो. इथे दात धड होता आणि खालचं हाडच गेलं होतं. पायरिया असता तर बाकीच्या दातांभोवतीही कमीजास्त झीज दिसली असती. ती नव्हती.

‘याला मी आत्ता नाव देणार नाही. तुकडा तपासल्याशिवाय देता येत नाही. पण हे हिरडीचं दुखणं नाही आणि थांबायचं नाही.’ एवढंच बोलल्या. आवाज खाली नाही, वर नाही. अण्णांशी बोलल्या, माझ्याशी नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण म्हातारी माणसं खुर्चीत बसलेली असताना त्यांच्या डोक्यावरून सुनेशी बोलणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिलेत.

दाढ काढून द्या, निदान ठणका तरी थांबेल, असा आग्रह अण्णांनी धरला. त्या ठाम नाही म्हणाल्या. कारणं दोन. किडनीची गाठ रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असते, त्यातून आलेली पेशी जबड्यात वाढली असेल तर दात उपटल्यावर रक्त खुर्चीत बसून आवरणारं नसतं. आणि अशा जागचा दात काढला की ती जखम भरत नाही, उलट खड्ड्यातून मांस वर येतं. दात काढल्यावर महिना उलटला तरी खड्डा भरत नाही, त्यातून लाल गोळा डोकावतो, मग कुणीतरी तुकडा तपासायला पाठवतं आणि मग कळतं, अशी उदाहरणं दातांच्या पुस्तकांत भरपूर आहेत म्हणे. त्याच कारणाने तुकडाही त्यांनी दवाखान्यात घेतला नाही. रक्त द्यायची सोय आहे अशा ठिकाणीच घ्यायचा, म्हणाल्या.

त्यांनी दिलेलं पत्र एक पानी, टाइप केलेलं. काय दिसलं, कुठे, कधीपासून, पूर्वीचा आजार कोणता, काय शंका आहे, काय केलेलं नाही. शेवटी एक ओळ: जुन्या ऑपरेशनचा रिपोर्ट आणि मेणाचे ब्लॉक रुग्णासोबत पाठवत आहोत. ब्लॉक म्हणजे काय ते घरात मला सोडून कुणालाच माहीत नव्हतं. काढलेल्या गाठीचे तुकडे मेणात बसवून ठेवतात, बोटाच्या पेराएवढे. २०१६ च्या रुग्णालयाने ते तेव्हा आमच्या हातात दिले होते. माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या मागे, प्लास्टिकच्या डब्यात सापडले. ज्यांच्या घरी असा डबा असेल त्यांनी तो टाकू नका.

पर्याय दोन सांगितले, टाटा कॅन्सर रुग्णालयाचं परळ किंवा टाटाचंच खारघरचं केंद्र, अ‍ॅक्ट्रेक. आम्ही खारघर घेतलं, ठाण्याहून पनवेलची गाडी सरळ मिळते म्हणून. तिथला तपशील इथे लिहीत नाही, हा त्यांचा रिव्ह्यू नाही. निदान मात्र सांगते, कारण या दवाखान्याची शंका खरी ठरली. जबड्यात जे होतं ते किडनीचंच. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यासारख्या स्वच्छ पेशी दिसल्या. पण तशा पेशी लाळग्रंथीच्या काही गाठींतही दिसतात, त्यामुळे नुसत्या बघण्यावर भागत नाही. वेगवेगळे रंग लावून तपासतात. पॅक्स-८ नावाचा किडनीकडे बोट दाखवणारा रंग चढला, जुन्या ब्लॉकशी मेळ बसला. छातीच्या सीटीत फुप्फुसातही दोन-तीन बारीक गाठी निघाल्या.

मी पुढच्या वेळी गेले तेव्हा डॉक्टरांना विचारलं, किडनी कुठे आणि जबडा कुठे? त्या म्हणाल्या, रक्तातूनच. सहसा अशा पेशी आधी फुप्फुसात अडकतात. पण पाठीच्या कण्याभोवती शिरांचं एक जाळं आहे ज्यात झडपा नसतात, रक्त दोन्हीकडे वाहू शकतं. बॅटसन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४० मध्ये ते दाखवलं. त्या वाटेने पेशी फुप्फुस चुकवून वर डोक्याकडे येऊ शकते. जबड्यात ती बहुतेकदा मागच्या दाढांच्या भागात रुजते, कारण तिथल्या हाडात मगज (अस्थिमज्जा) जास्त. वरच्या जबड्यापेक्षा खालच्यात जास्त. बायकांमध्ये असा पाहुणा स्तनातून येण्याचं प्रमाण सगळ्यात मोठं, पुरुषांत फुप्फुसातून, आणि किडनी, प्रोस्टेट, यकृत, थायरॉइड हीही नावं यादीत आहेत. हाडाऐवजी हिरडीवर आला तर लाल, पटकन रक्त येणारी गाठ दिसते, साध्या सुजेसारखी. तोंडात सापडणाऱ्या कॅन्सरमध्ये असे बाहेरून आलेले शंभरात जेमतेम एक. पण त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्शाला मूळ आजाराचा पत्ताच नसतो, तोंडातच पहिल्यांदा सापडतो. आपल्याकडे तंबाखूचा कॅन्सर इतका की डॉक्टरची नजर आधी गालाकडे आणि जिभेकडे जाते. गाल स्वच्छ दिसला की सुटला म्हणतात.

शेजारच्या काकूंनी तेच केलं. ‘तंबाखू न खाता तोंडाचा कॅन्सर?’ म्हणून आमच्या सासूबाईंना उगाच रडवलं. हा तोंडाचा कॅन्सर नव्हेच. जबड्यात बसलेला किडनीचा आहे आणि औषधही किडनीचंच लागतं. गालाच्या कॅन्सरचं औषध इथे देऊन काही उपयोग नाही. मूळ कुठलं हे न शोधता दाढ काढून मोकळं झालो असतो तर अण्णांवर कशाचे उपचार झाले असते, हा विचार मी दुकान बंद करताना बरेचदा करते.

उपचार काय, तर जबड्यावर रेडिएशन आणि पॅझोपॅनिबच्या गोळ्या. गोळी रिकाम्या पोटी, जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तासांनंतर. बीपी वाढतं, यकृताच्या चाचण्या कराव्या लागतात, आणि मिशी पांढरीशुभ्र होते. अण्णांची मिशी आधी निम्मी काळी होती, आता पूर्ण पांढरी, त्यावर त्यांचा राग औषधाच्या किमतीपेक्षा जास्त आहे. आजार मुळापासून जाणार नाही, ताब्यात ठेवायचा आहे, हे रुग्णालयात स्पष्ट सांगितलं. ठणका रेडिएशननंतर पुष्कळ उतरला. बधिरपण तसंच आहे, म्हणून आता दाढी इलेक्ट्रिक मशीनने.

या दवाखान्याचं दुसरं काम इथून सुरू झालं आणि लोकांना हे फारसं माहीत नसतं, म्हणून लिहिते. हाडांतल्या गाठीसाठी डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुरू करायचं ठरलं. त्याआधी तोंड तपासून घ्या असं पत्र कॅन्सरच्या डॉक्टरांकडून आलं. ही इंजेक्शनं, आणि झोलेड्रॉनिक ॲसिडचीही, हाड मजबूत ठेवतात, पण ती घेत असताना दात काढला तर जबड्याचं हाड उघडं पडून महिनोन्‌महिने भरत नाही असा धोका असतो. २००३ मध्ये हा प्रकार पहिल्यांदा नोंदला गेला. म्हणजे पुढे लागणारी सगळी कामं आधी उरकायची. डॉक्टरांनी दात साफ केले, डावीकडच्या दोन दाढा भरल्या, एका दाताची धारदार कड घासून गुळगुळीत केली. त्या आजारी दाढेला हात लावला नाही. ती अजून हलते, हलू दे म्हणाल्या. घरी मऊ ब्रश, मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या पाण्याच्या गुळण्या. माझ्या दुकानात ज्या झणझणीत माउथवॉशच्या बाटल्या ओळीने लावल्यात, त्यातली एकही नको, स्पिरिटने तोंड आणखी सोलवटतं. माझ्याच धंद्याच्या विरोधात बोलणारी डॉक्टर मला पटली.

या सगळ्याचं बिल: पहिली तपासणी ४००, ओपीजी ६००, साफसफाई आणि दोन दाढा मिळून ३८००. पत्राचे पैसे नाहीत. फोनवर दोनदा बोलल्या त्याचेही नाहीत. पावती छापील, मागावी लागली नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. माझ्या मुलाच्या तारा इथेच बसवल्या, त्यासाठी दुसरे डॉक्टर शनिवारी येतात, काम व्यवस्थित आहे. सासूबाईंची कॅप ठीक, रंग किंचित जास्त पांढरा आला. स्वस्तात दात चकचकीत करून देणारी ठिकाणं गोखले रोडवर खंडीभर आहेत, त्यासाठी इथे यायची गरज नाही.

तक्रारी आहेत. साडेपाचची वेळ दिली की आत सव्वासहाला घेतात, कारण बाई प्रत्येकाचं कार्ड मागून पुढून वाचतात. फोन दुपारी दोन ते चार कुणी उचलत नाही. वेटिंगमध्ये टीव्हीवर मालिका मोठ्या आवाजात चालू असते, ती बंद करायला सांगितली की करतात, पण सांगावं लागतं. गाडी घेऊन येऊ नका, टोइंगवाले त्याच गल्लीत फिरत असतात. कळवा-मुंब्र्याकडून येणाऱ्यांनी स्टेशनला उतरून रिक्षा करावी.

पाचवा स्टार मात्र जिन्यासाठी कापला आहे. लिफ्ट नाही, ते जुन्या इमारतीत समजू शकतं. पण जिन्याच्या वरच्या वळणावर कठडा एका बाजूने तुटलेला आहे आणि पायऱ्या अरुंद. रेडिएशनच्या आठवड्यांत अण्णांना चढवताना नवरा मागून आणि मी पुढून. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाल्या, सोसायटीला अर्ज देऊन झालाय, सेक्रेटरी वर्गणी गोळा होईपर्यंत थांबा म्हणतात. तोवर वर न चढता येणाऱ्या पेशंटने खालून फोन करावा, त्या स्वतः उतरून रिक्षात बसूनच तपासतात. अण्णांना एकदा तसंच तपासलं, रिक्षावाल्याने मीटर थांबवलं होतं.